म्होरं बसलेला माणूस

माझ्या थोरल्या भावाला, मन्मथ बसलिंगप्पा हलकुडेला, औशात सगळे पायलट म्हणायचे. सोलापूर रस्त्याला त्याचं विजेच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळायचं, दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार सायकलच्या मागे बांधून कुणी खेड्यातून आला की बसस्टँडवरचा पानवालाही त्याला सांगायचा, "पायलटकडं जा, दोन दिवसांत भरून देतो." पुष्कळांना ते नुसतं टोपणनाव वाटायचं. हा माणूस खरोखर विमान चालवायचा, तेही लढाईतलं, बॉम्ब टाकणारं, हे नव्या पोरांना ठाऊक नव्हतं. त्यानंही कधी कुणाला सांगितलं नाही.

आम्ही दोघंच भावंडं. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी त्याला अण्णा म्हणायचे आणि तो मला शिवकांताऐवजी नुसतं शिवा म्हणायचा. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. ते अण्णानं चालवावं अशी त्यांची इच्छा, पण अण्णा हैदराबादला शिकायला गेला आणि तिथून परस्पर हवाई दलात भरती झाला. वडील वारले तेव्हा तो आसामात होता. मी औशातच शिक्षिका झाले, लग्नही गावातच झालं, दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे आमच्या अव्वाचं, म्हणजे आईचं, सगळं मीच पाहत होते.

त्याच्या विमानात दोन माणसं असायची. चालवणारा अण्णा, आणि वाट सांगणारा, नकाशा सांभाळणारा दुसरा, नॅव्हिगेटर. सत्तर साली त्याच्या जोडीला रामकिशन सोळंके आला. भोकरपासून सहा मैलांवरच्या खेड्यातला, लहानपणीच वडील गेलेला, आईनं शेतात राबून नांदेडला शिकवलेला मुलगा. दोघंही मराठवाड्याचे म्हणून वरच्या साहेबांनी गमतीनं जोडी लावून दिली. विमानातल्या टेलिफोनवर इंग्रजीच बोलायचा नियम होता. पण धावपट्टी दिसायला लागली की रामकिशन एसटीतल्या प्रवाशासारखा हळूच म्हणायचा, "आलं सर, भोकर आलं. घंटी मारा."

तो एकदा अण्णाबरोबर सुटीत औशाला आला होता. दोन दिवस राहिला. अव्वाच्या हातची शेंगाचटणी इतकी खाल्ली की अव्वानं निघताना त्याला डबा भरून दिला. एकाहत्तरच्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. मुलगी इस्लापूरची, सिंधु नाव. अण्णा लग्नाला गेला होता. आल्यावर म्हणाला, "शिवा, नवरीपेक्षा नवराच जास्त लाजत होता."

आमच्या घरीही त्या हिवाळ्यात अण्णाचं लग्न करायचं चाललं होतं. उदगीरच्या एका मुलीचा फोटो अव्वानं देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. पण डिसेंबरात लढाई लागली.

पुढचं जे सांगते ते मला अण्णाकडून अकरा वर्षांनी कळलं. पण जिथलं तिथं सांगितलेलं बरं.

नऊ डिसेंबरला पहाटे ते दोघं निघाले आणि दिवस उगवायच्या बेतात पलीकडच्या एका विमानतळावर त्यांनी बॉम्ब टाकले. परत फिरताना खालून तोफांचा मारा लागला. उजवा पंख पेटला. विमान जमिनीपासून जेमतेम तीनशे फुटांवर होतं. अण्णाची खुर्ची अशी, की कडी ओढली की खालची दारू पेटते, खुर्चीसकट माणूस वर फेकला जातो आणि छत्री उघडते. रामकिशन पुढे, विमानाच्या नाकात बसायचा. त्याला तसली खुर्ची नव्हती. त्यानं रांगत मागं यायचं, बाजूचं दार ढकलायचं आणि उडी मारायची. त्या विमानाची घडणच तशी होती, आणि दोघांनाही ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"रामकिशन, उडी मार!"

"दार निघंना सर."

"लाथ मार!"

"मारून राहिलो, सर."

विमान उजवीकडं कलंडत होतं. अण्णानं दोन्ही हातांनी जोर लावून ते सरळ धरलं आणि मनात मोजायला लागला. पाचपर्यंत मोजलं. पंख खाली जायला लागला तसा रामकिशनचा आवाज आला, अगदी साधा. "सर, तुमी जा."

अण्णानं कडी ओढली.

छत्री नीट उघडायच्या आतच तो नांगरलेल्या रानात आपटला. तिकडं अर्ध्या मैलावर विमान आदळलं, जमीन हादरली. त्यानं उताणं पडल्या पडल्या सगळं आभाळ पाहिलं. दुसरी छत्री कुठं नव्हती.

पाठीचे दोन मणके दबले होते, उठता येत नव्हतं. गावकऱ्यांनी आधी मारलं आणि मग त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्यानं अंगावर घोंगडी टाकली. सैनिक येऊन घेऊन गेले. दवाखान्यात महिनाभर ठेवलं आणि नंतर रावळपिंडीच्या कैदेत. पहिले सात आठवडे एकट्याची खोली. लांबी साडेचार पावलं. झडतीत त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून घेतलं, त्या चांदीच्या डबीत काही यंत्र असेल म्हणून. "पूजेचं आहे," असं त्यानं परोपरीनं सांगितलं. परत मिळालं नाही.

त्याचं उर्दू आपल्याकडचं, दखनी. लहानपणी निजामी अंमलात औशाच्या शाळेत उचललेलं. पहाऱ्यावरच्या शिपायानं एकदा विचारलं, "चाय और लोगे?" अण्णा म्हणाला, "नक्को." शिपाई इतका हसला, की जाऊन दुसऱ्याला बोलावून आणलं. मग रोज कुणीतरी दाराशी येऊन मुद्दाम काहीतरी विचारायचं, त्यानं नक्को म्हणावं म्हणून. अण्णा म्हणायचा, त्या सात आठवड्यांत माझ्याशी माणसं तेवढीच बोलली.

इकडं आम्हाला 'बेपत्ता' अशी तार आली होती. अव्वानं उदगीरच्या मुलीचा फोटो परत पाठवला. मी शाळेत जायचे, फळ्यावर लिहायचे आणि काय लिहिलं ते मलाच कळायचं नाही. फेब्रुवारीत रेडक्रॉसचं कार्ड आलं, अण्णाच्या अक्षरातलं. जिवंत आहे, कैदेत आहे, अव्वाला सांगा. मी कार्ड हातात धरून शाळेतून घरापर्यंत पळत गेले होते. तसलं कार्ड भोकरकडच्या घरी गेलं नाही.

बाहत्तरच्या डिसेंबरात कैदी सुटले. वाघ्याच्या सीमेवरून त्यांना आणलं. आपल्याच हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी आठ दिवस विचारपूस केली. जे घडलं ते सगळं, रामकिशनच्या शेवटच्या बोलण्यासकट, अण्णानं लिहून दिलं. मग पाठीसाठी इस्पितळ. त्याहत्तरच्या जानेवारीत तो औशाला आला.

गावात तेव्हा पाणीच नव्हतं. आमच्या घरामागचा आड तळाला गेला होता, रात्रीतून दोन घागरी साचायच्या. अख्ख्या औशात फूल मिळेना, म्हणून लोकांनी स्टँडवर त्याला रंगीत कागदाच्या माळा घातल्या. अव्वानं त्याच्या आंघोळीसाठी शेजारपाजारच्या घरांतून मागून एक हंडा पाणी तापवलं होतं. अण्णानं त्यातलं तांब्याभर घेतलं. "एवढ्यात होतं मला," म्हणाला. उरलेलं पाणी त्यानं स्वतःच घरोघर नेऊन परत केलं. अव्वानं पहिलं काय विचारलं असेल, तर गळ्यात लिंग आहे का. नाही म्हटल्यावर ती कोपऱ्यात जाऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी स्वामींना बोलावून तिनं त्याला नवं बांधायला लावलं.

आठ दिवसांनी एसटीनं तो एकटाच भोकरला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला. मी विचारलं, "भेटली का आई?"

"भेटली. दुष्काळी कामावर होती."

"काय म्हणाली?"

"सुकडी दिली खायला," एवढंच बोलून तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

तिथं झालं होतं ते असं. गावाबाहेर पाझर तलावाचं काम चाललं होतं. शे-दीडशे बाया डोक्यावर उन्हाची फडकी बांधून खडी फोडत बसल्या होत्या. अण्णानं रामकिशनच्या आईचं नाव विचारलं. एकीनं बोट दाखवलं, ती गुणाबाई. काळी, उंच, हडकलेली बाई. ती हातोडी खाली न ठेवताच उभी राहिली; लग्नाच्या गर्दीत पाहिलेला अण्णा तिला ओळखू आला नाही, रामकिशनच्या विमानातला म्हणून त्यानंच सांगितलं. सिंधु माहेरी इस्लापूरला गेलेली होती. गुणाबाईनं अण्णाला बाभळीच्या सावलीत नेलं, कामावर मिळणारी स्वतःच्या वाटणीची सुकडी, पिठाचा गोड चुरा, फडक्यातून सोडून त्याच्यापुढं ठेवली.

"तू ल्येकाबरुबर व्हतास?"

"हो."

"तू कुटं बसतूस इमानात? मागं का म्होरं?"

"मी मागं. वरच्या अंगाला. रामकिशन पुढं, नाकात."

गुणाबाईनं थोडा विचार केला. तिनं आयुष्यात एसटीच काय ती पाहिलेली. तिच्या तोंडावर एकदम उजेड आला.

"मंग तो म्होरं व्हता. म्होरचा मानूस आदुगर उतरतो न्हवं?"

अण्णा सांगायला म्हणूनच गेला होता. वाक्यं पाठ करून गेला होता. पण ती बाई त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, तिकडच्या बोलीतला होकार.

"हाव."

"म्हंजी तुज्या आदुगर उतरला."

"हाव."

"मंग तिकडंच आसंल. तू आलास, तसा यील."

गुणाबाई उठली, हातोडी घेतली आणि आपल्या जागी जाऊन खडी फोडायला लागली. अण्णा म्हणाला, आधीपेक्षा जोरात फोडत होती.

पाठीमुळं त्याला पुन्हा विमान चालवता येणार नव्हतं. कागदाचं काम करत दोन वर्षं काढली, मग नोकरी सोडून तो औशाला आला. दुष्काळानंतर जो तो विहिरी खोल करत होता, विजेच्या मोटारी बसवत होता, आणि त्या जळतही होत्या. अण्णाला यंत्रातलं कळायचं. त्यानं रस्त्याला पत्र्याची खोली घेतली आणि तांब्याच्या तारा गुंडाळत बसला. लग्नाची गोष्ट काढली की उठून जायचा. अव्वानं वर्षभर हट्ट धरला, मग तीही थकली. सत्त्याहत्तरला ती गेली. त्यानंतर घरात तो एकटा. दुपारचा डबा मी पाठवायचे. रात्रीची भाकरी तो स्वतः थापायचा आणि जाड थापायचा.

त्याला मित्र नव्हते असं नाही. दुकानात माणसं यायची, चहा व्हायचा. पण लोकांच्या गप्पा रंगात आल्या की तो पान्हा घेऊन मोटारीत डोकं घालायचा. त्याच्या एका सवयीचं कारण मला तोवर कळलं नव्हतं. एसटीतून उतरताना तो कधी पुढं व्हायचा नाही. लेकुरवाळ्या बाया, म्हातारे, बोचकीवाले, सगळे उतरेपर्यंत सीटवर बसून राहायचा आणि शेवटी उतरायचा. कंडक्टर ओरडायचा. लातूरला एकदा त्यापायी आमची पुढची गाडी चुकली, तेव्हा मी त्याच्यावर चिडले होते. तो नुसता म्हणाला, "जाऊ दे की त्यांना आधी."

ब्याऐंशी साली पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. इतकी वर्षं आम्ही उस्मानाबादेत होतो; कुठल्याही कागदासाठी तिकडं हेलपाटे. त्या दिवशी लातुरात नुसती जत्रा होती. नव्या जिल्ह्यातल्या जुन्या सैनिकांचा सत्कार ठेवला होता. अण्णा नाही म्हणत होता, माझ्या नवऱ्यानं ओढून नेला. शाल-नारळ झालं. दोन शब्द बोला म्हणाले, तर माईकपुढं उभा राहून म्हणाला, "माझ्याबरोबर एक माणूस होता. सत्कार त्याचा करायला पाहिजे." आणि खाली येऊन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती नम्रता वाटली. चार दिवसांनी पेपरात त्याचा फोटो आला. खाली नाव, गाव, आणि 'युद्धकैदी वैमानिक' असं छापलं होतं.

त्या फोटोमुळं ते पत्र आलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला आलं असावं, कारण तीन आठवडे ते त्याच्या खिशात होतं. सप्टेंबरअखेरच्या एका रविवारी तो माझ्या घरी आला, ओसरीवर बसला आणि पत्र पुढं केलं. घामानं शाई फुटली होती.

सिंधुचं पत्र. भोकरला सरकारी दवाखान्यात नर्स होती ती आता. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं गोल. तिनं लिहिलं होतं:

'आपण लग्नाला आला होतात, पण माझे पती आपल्याला नुसते सर म्हणत; आपले नाव आणि गाव आम्हांस आजवर माहीत नव्हते. सासूबाई फक्त लातूरकडचे साहेब म्हणतात. आपण त्यांना स्वतः सांगितले की माझे पती आपल्या आधी उतरले. सरकारचे म्हणणे आहे की ते उतरलेच नाहीत, आणि तसे आपणच लिहून दिले आहे. सरकार खोटे बोलते असे समजून मी दहा वर्षे दिल्लीला अर्ज केले. प्रत्येक अर्जात आपले शब्द लिहिले. पाकिस्तानच्या तुरुंगात अजून आपली माणसे आहेत असे पेपरात येते. विधवा म्हणून मी कुठल्याही कागदावर सही केली नाही. दुसरे लग्न करावे असे माहेरचे म्हणत होते, मी केले नाही. आता आपले नाव मिळाले आहे. यातले खरे काय, एवढे कळवावे.'

सोबत अर्जांच्या नकला होत्या. दहा वर्षांचे दहा. मी पहिला वाचला, दुसरा वाचला आणि विचारलं, "खरं काय, अण्णा?"

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. मघाशी मी सांगितलं ते. मोजल्यासारखं, हळू आवाजात. शेवटी म्हणाला, "आणखी मोजत बसलो असतो तर दोघं गेलो असतो. हे मला पाठ आहे, शिवा. साहेबांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. कुणीच मला दोष दिला नाही. पण त्या बाईला मी हाव म्हणालो, ते कुठं लिहून दिलं नव्हतं."

"पत्रानं कळव मग."

"नको. जाऊन सांगतो." आणि पत्राची घडी करत, "तू येतेस का?"

दसऱ्याच्या सुटीत आम्ही निघालो. लातूरहून नांदेड, नांदेडहून भोकर, तिथून बैलगाडी. भोकरच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली तरी तो बसून होता. मी या वेळी चिडले नाही. शेजारी बसून राहिले.

दोन खणांचं घर. दाराला कडी नव्हती. पुढं कळलं की रामकिशन कोणत्याही वेळी येईल म्हणून गुणाबाईनं ती काढूनच टाकली होती. गुणाबाईला आता दिसत कमी होतं. सिंधु पांढऱ्या साडीत होती, नर्सच्या, आणि गळ्यात मंगळसूत्र. तिनं पाणी आणून दिलं, घोंगडी अंथरली. "बसा साहेब," म्हणाली. बत्तीस-तेहेतीस वर्षांची बाई, पण हालचाल म्हातारीसारखी जपून.

अण्णा बसला नाही. उभ्यानंच बोलला. "बाई, मी त्या वेळी खोटं बोललो. रामकिशन उतरला नाही. दार निघालं नाही. माझी खुर्ची उडणारी होती, त्याला तशी नव्हती. मी पाच मोजेपर्यंत थांबलो आणि निघालो. तो आत होता."

मग सिंधु म्हणाली, "हे सरकारला लगेच सांगितलं?"

"हो."

"आन आम्हाला न्हाई."

"नाही."

"दहा वर्षं, साहेब." तिचा आवाज चढला नाही, त्यानंच मला भीती वाटली. "दवाखान्यात रोज बाया येतात, पोरं घेऊन. मी त्यांना सुई टोचते. घरी येऊन अर्ज लिहिते. रात्री कुत्रं भुंकलं तर सासूबाई उठून बसतात. तुमाला एक शब्द सांगायचा होता. मी रडले असते, डोकं आपटलं असतं. पण झालं असतं ते तेव्हाच झालं असतं."

अण्णानं मान खाली घातली. आमची आई असती तर काहीतरी बोलून सावरलं असतं.

गुणाबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "सायेब, पाच म्हंजी किती?"

"काय?"

"पाच मोजलं म्हनलास. मोजून दाव."

अण्णानं मोजलं. मोठ्यानं. एक, दोन, तीन, चार, पाच. गुणाबाई ओठ हलवत त्याच्याबरोबर मोजत होती.

"काय म्हनला शेवटी?"

"म्हणाला, सर, तुमी जा."

"तो तसाच व्हता," ती म्हणाली आणि पदर तोंडावर ओढून आडवी झाली.

सिंधुनं दिवस विचारला. नऊ डिसेंबर एकाहत्तर, पहाट. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर तो लिहून घेतला. भोकरच्या भटजींनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की देह सापडला नाही तर पळसाचा पुतळा करून अग्नी देता येतो, पण तिथी पाहिजे. पंचांगावरून ती निघाली मार्गशीर्ष वद्य सप्तमी.

अण्णानं विचारलं, "विधीला मी येऊ का?"

"नका येऊ," सिंधु म्हणाली.

आम्ही निघालो तेव्हा गुणाबाई चाचपडत दारापर्यंत आली. सिंधु आत होती. म्हातारी हळूच म्हणाली, "सायेब, म्होरचा आदुगर उतरतो हे मीच म्हनलं व्हतं. तू नुस्तं हाव म्हनलास." अण्णानं तिच्या पायाला हात लावला. तिनं डोक्यावर हात ठेवला नाही. पण पायही मागं घेतले नाहीत.

त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळं मार्गशीर्ष लांबला, सप्तमी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडली. त्या दिवशी अण्णानं दुकान उघडलं नाही. मी डबा घेऊन गेले, तर तो अंगणात बसला होता, आंघोळ करून. डबा तसाच परत आणला. पुढं सिंधुचं कार्ड मला आलं, अण्णाला नाही. विधी पार पडला. भटजींना पळसाचे तीनशे साठ देठ लागले, ते तिनं स्वतः जंगलातून तोडून आणले आणि मोजून दिले. खाली एक ओळ होती, की आता सासूबाईंना झोप लागते.

दोन वर्षांनी किनवटच्या एका बिजवराशी, शाळामास्तराशी, सिंधुचं लग्न झालं. ती तिकडं गेली. तिनं अण्णाला माफ केलं असं कधी कळवलं नाही, आणि अण्णानंही कधी विचारलं नाही. गुणाबाई काही तिच्यासोबत जाणार नव्हती. खरं बोलल्यामुळं सून मोकळी झाली आणि म्हातारी एकटी पडली, हे अण्णाच्या डोक्यातून जाईना. तो दर दोन महिन्यांनी भोकरला जायला लागला. जाताना शेंगाचटणी न्यायचा. ती चटणी मी अव्वासारखी करायचे, पण तिच्या हातची सर यायची नाही. सबंध दिवस एसटीत, रात्रीचा मुक्काम, दुसरा दिवस पुन्हा एसटीत. मी एकदा विचारलं, "तिथं करता काय दोघं?"

"काही नाही. मी लाकडं फोडून ठेवतो. ती बसते, मी बसतो."

"बोलते का तुझ्याशी?"

"कधी कधी. रामकिशन लहानपणी काय खायचा, काय नाही खायचा, ते सांगते."

तिनं त्याला लेकरा म्हटलं नाही कधी. शेवटपर्यंत सायेब म्हणायची, आणि अरेतुरेही करायची. तीन-साडेतीन वर्षं हे चाललं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात शेजारच्या लिंबाजीचं कार्ड आलं, गुणाबाई वारली म्हणून. कार्ड पोचायला पंधरा दिवस लागले होते. तरी अण्णा गेला. घराला नवी कडी बसवून कुलूप लावलेलं होतं. सिंधु येऊन दिवस करून गेली होती. तो ओट्यावर बसला. लिंबाजीनं चहा दिला. संध्याकाळच्या गाडीनं फिरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानातून थेट माझ्याकडं आला. मी ताट वाढलं. जेवला. हात धुऊन ओसरीवर बसला, बराच वेळ. उन्हं उतरली, गल्लीत खेळणारी पोरं घरी गेली. मी आत-बाहेर करत होते.

"शिवा," तो म्हणाला, "आता कुठं जायचं राहिलं नाही बघ."

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळानं तो उठला. आलमल्याच्या एका शेतकऱ्याची मोटार सकाळपर्यंत भरून द्यायची होती.